सरोवरकाठची लोकशाळा

उत्तर अमेरिकेच्या नकाशात, संयुक्त संस्थाने आणि कॅनडा या दोन देशांच्या सीमेवर, पाच प्रचंड सरोवरे जवळजवळ दिसतात. त्यांतील सर्वांत मोठे ते सुपीरिअर. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा चौथा हिस्सा पाण्याखाली गेला, तरी हे सरोवर त्याहून थोडे मोठेच भरेल. पाणी गोडे, परंतु लाटा समुद्राच्या. काठावर उभे राहिले तर पैलतीर दृष्टीस पडत नाही. या सरोवराच्या उत्तर काठी, मिनेसोटा राज्याच्या अगदी टोकाला, ग्रँड मरे नावाचे एक लहानसे गाव आहे. वस्ती सुमारे तेराशे. पाठीशी भूर्ज, स्प्रूस आणि सीडर या वृक्षांचे दाट अरण्य, पुढे अथांग पाणी, आणि वर्षाचे जवळजवळ सहा महिने हिमाचे राज्य, अशी या गावाची स्थिती आहे.

या गावाच्या बंदराला लागूनच एक शाळा आहे. तिचे नाव नॉर्थ हाउस फोक स्कूल. ती १९९७ साली सुरू झाली. तेथे इयत्ता नाहीत, वार्षिक परीक्षा नाही आणि गुणपत्रकही नाही. एका खोलीत कोणी लोकरीचे हातमोजे गुंफीत असते. अंगणात कोणी कुऱ्हाडीने ओंडका तासीत असते. तिसरीकडे चार-पाच माणसे एका होडीच्या सांगाड्याभोवती वाकलेली असतात. विद्यार्थ्यांत आजोबा असतात आणि नातूही. डॉक्टर, शेतकरी, कारकून, शिक्षक असे नाना व्यवसायांचे लोक एक दिवसापासून कित्येक दिवसांपर्यंत येथे येऊन राहतात आणि उत्तरेकडील जुने हस्तव्यवसाय शिकतात. भाकरीसाठी त्यांना हे शिकावे लागत नाही. मग बाजारात स्वस्तात मिळणारी वस्तू इतक्या कष्टाने स्वतः करण्याची उठाठेव ही माणसे का करीत असतील? त्याचे उत्तर समजण्यासाठी आधी त्या प्रदेशाकडे आणि तेथील माणसांच्या इतिहासाकडे पाहिले पाहिजे.

उत्तरेकडील हस्तव्यवसाय थंडीच्या पोटी जन्मले आहेत. आपल्याकडे उन्हापावसापासून डोके झाकले की पुष्कळ काम भागते. तेथे मात्र हातमोजा चांगला नसेल तर बोटे गमवावी लागतात. भिंतीच्या दोन ओंडक्यांमध्ये फट राहिली तर त्या फटीतून हिवाळा घरात शिरतो. भुसभुशीत हिमावर पाय टाकला तर तो मांडीपर्यंत रुततो; म्हणून पावलाखाली जाळीदार चौकट बांधून चालण्याची युक्ती निघाली. म्हणजे तेथील प्रत्येक वस्तू हे एकेका अडचणीचे उत्तर होय. ती उत्तरे शोधून काढण्यास शेकडो वर्षे लागली. ती कोणी ग्रंथांत लिहून ठेवली नाहीत. आईने मुलीच्या हातात सुई दिली, बापाने मुलाच्या हातात चाकू दिला, आणि विद्या पुढे गेली.

अशा रीतीने विद्या पुढे नेणारे दोन प्रवाह या सरोवराच्या काठी भेटले. पहिला प्रवाह तेथील मूळ रहिवाशांचा. हे ओजिब्वे लोक स्वतःस अनिशिनाबे म्हणवितात. सुपीरिअरच्या परिसरात ते शतकानुशतके राहत आले आहेत आणि आजही राहतात. दुसरा प्रवाह एकोणिसाव्या शतकात युरोपातून आला. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड या देशांतील हजारो गरीब कुटुंबे जमिनीच्या आणि कामाच्या शोधात मिनेसोटात आली. येताना त्यांनी पेटाऱ्यात कुऱ्हाडी, चाकू व विणकामाच्या सुया आणल्या. नव्या देशात त्यांना तीच झाडे आणि तीच थंडी भेटली. त्यामुळे त्यांच्या हातांना तेथे परके वाटले नाही.

परंतु तोंडातून तोंडात किंवा हातातून हातात जाणाऱ्या विद्येला एक मोठे भय असते. ग्रंथ शंभर वर्षे फडताळात पडून राहिला, तरी एकशे एकाव्या वर्षी कोणी तो उघडून वाचू शकतो. हातातील कसब असे पडून राहत नाही. एका पिढीने ते घेतले नाही, तर पुढच्या पिढीला ते देण्यास कोणी उरत नाही. या सरोवराच्या काठी नेमके हेच घडू लागले. युरोपातून आलेल्या लोकांची मुले कारखान्यांत व शहरांत गेली. यंत्राने केलेला चमचा चार पैशांत मिळू लागला, तेव्हा चमचा कोरणाऱ्या म्हाताऱ्याजवळ बसण्यास कोणाला सवड राहिली नाही. ओजिब्वे लोकांच्या बाबतीत तर याहून कठोर प्रकार घडला. १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातील कार्लाइल येथे मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी एक सरकारी निवासी शाळा निघाली. पुढे तशा अनेक शाळा देशभर उघडल्या गेल्या. लहान मुलांना आईबापांपासून दूर नेऊन तेथे ठेवीत. त्यांचे केस कापीत, त्यांची नावे बदलीत, आणि स्वतःच्या भाषेत बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा करीत. ज्या वयात आजोबांच्या शेजारी बसून सीडरची फळी सोलावयाची, त्या वयात ती मुले घरापासून शेकडो मैलांवर होती. शाळेनेच विद्येचा धागा तोडावा, ही गोष्ट शिक्षणाच्या इतिहासात लाजिरवाणी आहे.

तुटलेला धागा पुन्हा जोडण्याचे काम करणाऱ्या या दुसऱ्या प्रकारच्या शाळेची कल्पना मात्र मूळची अमेरिकेतील नव्हे. ती निघाली डेन्मार्कमध्ये. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्या चिमुकल्या देशावर संकटांमागून संकटे आली. १८०७ मध्ये इंग्रजांनी त्याच्या राजधानीवर तोफा डागल्या. १८१३ मध्ये सरकारी तिजोरीचे दिवाळे वाजले. १८१४ मध्ये नॉर्वे हा मोठा प्रदेश त्याच्या हातून गेला. देशातील बहुसंख्य लोक शेतकरी होते. विद्या होती ती लॅटिन जाणणाऱ्या मूठभर विद्वानांकडे. निकोलाय ग्रुंटविग (१७८३–१८७२) हे त्या काळचे कवी, इतिहासकार व धर्मोपदेशक. स्वतः मोठे पंडित असूनही पाठांतराच्या शाळांवर त्यांचा विलक्षण राग होता. मुलांना कोंडून ठेवून मृत अक्षरे घोकावयास लावणाऱ्या शाळा जीवनासाठी नसून मरणासाठीच आहेत, असे ते म्हणत. शेतकऱ्यांच्या तरुण मुलांना त्यांच्याच भाषेत, बोलून, गाऊन, चर्चा करून शिक्षण मिळावे आणि ते परीक्षेच्या दडपणावाचून मिळावे, ही त्यांची कल्पना. त्यांनी स्वतः अशी शाळा काढली नाही. त्यांच्या विचारांवरून इतरांनी काढली. पहिली शाळा १८४४ मध्ये रोडिंग या गावी सुरू झाली. पुढे क्रिस्टेन कोल्ड या चांभाराच्या मुलाने या शाळांना खरे खेडवळ आणि घरगुती रूप दिले. शेतीची कामे थांबली की हिवाळ्यात तरुण शेतकरी शाळेत येऊन राहत, गुरुजींच्या पंक्तीस जेवत, आणि वसंतात पुन्हा नांगरावर जात.

१८६४ च्या युद्धात प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी डेन्मार्कचा दक्षिणेकडील मोठा भाग जिंकून घेतला, आणि रोडिंग गाव शत्रूच्या राज्यात गेले. तेव्हा तेथील शिक्षकांनी नवी सरहद्द ओलांडली आणि १८६५ मध्ये अस्कोव्ह या गावी पुन्हा शाळा उभी केली. पराभवानंतरच्या त्या काळात अशा लोकशाळा गावोगाव निघाल्या. १८८२ पासून डेन्मार्कमध्ये शेतकऱ्यांच्या ज्या सहकारी दुग्धशाळा निघाल्या व जगभर नावाजल्या, त्यांच्या यशाचा पुष्कळ वाटा या शाळांत शिकलेल्या तरुणांना देण्यात येतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. डेन्मार्कच्या त्या जुन्या लोकशाळांत भर होता तो इतिहास, गाणी आणि चर्चा यांवर. सुतारकाम किंवा विणकाम यांवर नव्हे. हातकामाला शिक्षणात मानाचे स्थान दिले ते शेजारच्या देशांनी. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस यांच्या प्रयत्नाने १८६६ मध्ये प्राथमिक शाळांत हस्तव्यवसाय हा आवश्यक विषय झाला. स्वीडनमध्ये नेस या ठिकाणी ओट्टो सालोमन यांनी शिक्षकांना लाकूडकामाचे शिक्षण देणारी संस्था चालविली. तेथे देशोदेशींचे शिक्षक येत. अगदी लहान, सोप्या वस्तूपासून आरंभ करून पायरीपायरीने अवघड वस्तूकडे जावयाचे, ही त्यांची पद्धत होती. अशा कामाला स्वीडिश भाषेत ‘स्लोइड’ म्हणतात. कुशलता, हिकमत असा त्या शब्दाच्या मुळाचा अर्थ आहे. १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण-परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाभोवती सर्व शिक्षण गुंफण्याची योजना मांडली, ती आपल्या देशातील परिस्थितीतून निघालेली होती. तथापि हात आणि बुद्धी यांची फारकत करू नये, हा विचार वर्ध्याला आणि नेसला सारखाच पटला होता, हे विशेष.

अमेरिकेत गेलेल्या डॅनिश लोकांनी तेथे लोकशाळा काढल्या. पहिली १८७८ मध्ये आयोवा राज्यात एल्क हॉर्न येथे, आणि मिनेसोटातील १८८८ मध्ये टायलर या गावी. मुले इंग्रजी बोलू लागली, मोठ्या शाळांत जाऊ लागली, तशा त्या कालांतराने बंद पडल्या. मग ऑलिव्ह डेम कॅम्बेल या विदुषीने स्कँडिनेव्हियात जाऊन या शाळांचा अभ्यास केला, आणि १९२५ मध्ये मार्गरिट बटलर या सहकारिणीसह उत्तर कॅरोलिना राज्यातील ब्रासटाउन येथे नव्या प्रकारची लोकशाळा स्थापिली. डोंगरातील गरीब शेतकऱ्यांनी तिला जमीन दिली आणि अंगमेहनतही दिली. या शाळेत हस्तकलांना मोठे स्थान मिळाले. ती आजही चालू आहे. ग्रँड मरेची शाळा याच वंशातील. मात्र तिने आपले शिक्षण थंड प्रदेशातील हस्तव्यवसायांपुरते बांधून घेतले आहे.

या व्यवसायांत लाकडी घराचा सांगाडा उभारणे हा एक. जाड तुळयांच्या टोकांना कुसू कोरतात आणि खांबांत त्या मापाच्या खाचा पाडतात. कुसू खाचेत बसले की आरपार भोकातून ओकच्या सुक्या लाकडाची खुंटी ठोकतात. यात एक गंमत आहे. खाचेचे भोक आणि कुसवाचे भोक मुद्दामच एकासमोर एक पाडीत नाहीत. कुसवाचे भोक दोन-तीन मिलिमीटर आतल्या बाजूस घेतात. त्यामुळे खुंटी वाकत वाकत आत शिरते आणि सांधा घट्ट ओढून धरते. लोखंडाचा खिळा न वापरता असे घर दोन-दोनशे वर्षे उभे राहते. सर्व तुळया तयार झाल्या की एक दिवस ठरवून सारे मिळून सांगाडा उभा करतात. त्या दिवशी एका माणसाची ताकद कामास येत नाही. वीस हातांना एका हाकेसरशी उचलावे लागते.

होड्यांचे प्रकार अनेक आहेत. स्कँडिनेव्हियातील होडीच्या फळ्या कौलांप्रमाणे एकीवर दुसरीचा काठ चढवून जोडतात. आधी असे फळ्यांचे कवच होते, आणि मग आतून फासळ्या बसवितात. या होडीबांधणीच्या परंपरेचा २०२१ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात समावेश केला. परंतु सरोवराच्या या काठची खरी होडी म्हणजे ओजिब्वे लोकांची भूर्जाच्या सालीची होडी. तिच्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

भूर्ज हा वृक्ष आपल्याला नावाने तरी परिचित आहे. हिमालयातील भूर्जवृक्षाच्या सालीवर आपल्या पूर्वजांनी ग्रंथ लिहिले. त्यालाच आपण भूर्जपत्र म्हणतो. अमेरिकेतील भूर्ज त्याच कुळातील, परंतु वेगळ्या जातीचा. त्याचीही साल पांढरी, थराथरांची, आणि पाण्याने न कुजणारी. आपल्याकडे या सालीने शब्द वाहून नेले. तेथे तिने माणसे वाहून नेली. ओजिब्वे भाषेत या सालीला ‘वीग्वास’ आणि होडीला ‘जीमान’ म्हणतात.

साल काढण्याचा काळ उन्हाळ्याच्या आरंभीचा. तेव्हा वृक्षात रस चढलेला असतो आणि बाहेरची साल सहज सुटते. सरळ वाढलेला, जाड, गाठी नसलेला वृक्ष निवडून सालीला वरपासून खालपर्यंत एकच उभी चीर देतात. चीर किती खोल द्यावयाची, यातच सारे कौशल्य आहे. बाहेरची साल तेवढी सुटावी आणि आतली ओली साल शाबूत राहावी, म्हणजे वृक्ष जगतो. हात जरा जड पडला तर वृक्ष मरतो. आधी झाडाची अनुमती मागून, जमिनीवर चिमूटभर तंबाखू वाहून मग साल काढण्याचा ओजिब्वे लोकांचा रिवाज आहे.

पुढचे काम जमिनीवर चालते. साल पसरताना तिची पांढरी बाजू वर ठेवतात. ती होडीची आतली बाजू होते, आणि पिवळसर तपकिरी आतली बाजू पाण्याकडे जाते. पुष्कळांना हे उलटे वाटते. पण वृक्षावर साल ज्या बाजूला वळलेली असते, तिच्या उलट दिशेला ती वळवावयाची असते. सालीवर दगड रचून ती दाबून धरतात, कडेने खुंट ठोकतात आणि बाजू हळूहळू वर उचलतात. शिवण्यासाठी दोरा म्हणून स्प्रूसची मुळे. वाळवंटी, मऊ जमिनीत ती लांबच लांब सरळ धावतात. ती खणून काढावयाची, उकळावयाची, सोलावयाची, आणि मधोमध चिरून दोन सारखे भाग करावयाचे. चिरताना एक भाग जाड होऊ लागला तर जाड बाजूला थोडे अधिक वाकवावे, म्हणजे चीर पुन्हा मध्यावर येते. ही युक्ती वाक्यात सांगता येते खरी. परंतु मूळ हातात घेऊन पाच-सहा वेळा फुकट घालविल्याखेरीज ती साधत नाही. आरीने भोके पाडून या मुळांनी सालीचे तुकडे आणि होडीचे काठ शिवतात. मग सीडरच्या पातळ फळ्या आतून बसवितात. सीडरच्याच पट्ट्या गरम पाण्याने मऊ करून वाकवितात आणि त्या फासळ्या म्हणून ठोकून आत सरकवितात. त्या फासळ्यांच्या ताणामुळे सैल साल ढोलकीच्या कातड्यासारखी ताठ होते. शेवटी स्प्रूसची राळ वितळवून, तीत चरबी व कोळशाची पूड घालून सर्व शिवणी बुजवितात. राळ एकटी असेल तर थंडीत तडकते, आणि चरबी अधिक झाली तर उन्हात वाहते. प्रमाण अनुभवानेच कळते.

अशा होडीत खिळा नाही आणि अरण्याबाहेरून आणलेले काहीही नाही. ती इतकी हलकी असते की दोन सरोवरांमधील वाट एक-दोन माणसे ती खांद्यावर घेऊन चालून जातात. वाटेत फुटली तर दुरुस्तीचे सामान भोवतीच्या झाडांवर असतेच. फ्रेंच व्यापारी या प्रदेशात आले तेव्हा त्यांनी आपल्या जड होड्या बाजूला ठेवल्या आणि हीच होडी उचलली. फरच्या व्यापारासाठी अकरा-अकरा मीटर लांबीच्या मोठ्या होड्या करून घेतल्या गेल्या. ग्रँड मरेच्या ईशान्येस असलेले ग्रँड पोर्टेज हे अठराव्या शतकाच्या अखेरीस त्या व्यापाराचे मोठे ठाणे होते. आज आपण ज्याला रानटी म्हणून हिणवितो, त्याच्याकडूनच उद्या आपल्याला वाहन मागून घ्यावे लागते, याचे हे बोलके उदाहरण आहे. अजूनही ओजिब्वे लोक उन्हाळ्याच्या शेवटी होड्यांतून सरोवरातील रानभात गोळा करतात. एक जण लांब काठीने होडी ढकलतो, आणि दुसरा दोन हलक्या छड्यांनी लोंब्या वाकवून दाणे होडीत झोडतो.

ही होडी करणारे जुने कारागीर विसाव्या शतकात बोटांवर मोजण्याइतके उरले होते. होडीजोगी मोठी साल देणारे वृक्षही जंगलतोडीमुळे दुर्मीळ झाले. अशा वेळी ज्यांच्या हातात ही विद्या शिल्लक होती, त्यांच्यापाशी बसून तरुण मंडळींनी ती उचलली. ओजिब्वे समाजात आज होडी करणे हे गमावलेली भाषा परत मिळविण्याच्या कामाशी जोडले गेले आहे. कारण प्रत्येक अवयवाचे, प्रत्येक कृतीचे नाव त्याच भाषेत आहे. एखादी लोकशाळा असे काम शिकवू लागते तेव्हा तिच्यावर मोठी जबाबदारी येते. ज्यांची ही विद्या, त्यांना गुरुस्थानी बसवून ती शिकवावी, हे न्याय्य होय. त्यांना वगळून केवळ त्यांची युक्ती उचलणे हा त्यांच्यावरील दुसरा अन्याय ठरेल.

या शाळांवर आणखीही आक्षेप घेतात, आणि ते अगदीच खोटे नाहीत. पाच दिवसांत होडी बांधणारा होत नाही. जुना कारागीर दहा वर्षे गुरूच्या हाताखाली राबे, तेव्हा कोठे त्याच्या हाताला वळण लागे. शिवाय शाळेची फी भरून, रजा काढून येणे सर्वांस परवडत नाही. ज्यांच्या आजोबांनी पोटासाठी चमचे कोरले, त्यांच्या गरीब नातवाला कदाचित येथे येता येणार नाही. यासाठी अशा शाळा काही विद्यार्थ्यांना फीमध्ये साहाय्य देतात, आणि होतकरू तरुणांना दीर्घ काळ ठेवून घेऊन कारागीर बनविण्याचेही प्रयत्न करतात. बाकीच्यांना पाच दिवसांत जे मिळते ते थोडेच असते. पण ते काय असते, हे एखाद्या साध्या चमच्याच्या उदाहरणावरून पाहता येईल.

चमचा कोरण्यासाठी वाळलेले लाकूड घेत नाहीत. नुकतेच तोडलेले ओले भूर्ज घेतात; ते चाकूखाली भोपळ्यासारखे मऊ लागते. ओंडका करवतीने कापीत नाहीत, कुऱ्हाडीने फोडतात. करवत लाकडाची नस पाहत नाही, वाटेल तेथून कापते. फोडलेले लाकूड मात्र आपल्या नसेच्या वाटेनेच दुभंगते. त्यामुळे दांडीचे तंतू अखंड राहतात आणि ती बारीक असूनही मोडत नाही. जेथे फांदी मुळातच वाकलेली असेल, तो भाग चमच्यासाठी सर्वांत चांगला. कारण तेथे तंतूही वाकलेले असतात, आणि झाडाने चमच्याचा आकार अर्धा करूनच ठेवलेला असतो. सुतार ज्या वाकड्या फांदीला सरपणात टाकील, ती चमचा करणारा उचलून जपून ठेवतो.

प्रथम कुऱ्हाडीने ढोबळ आकार काढतात. मग सरळ चाकू, आणि खोलगट भागासाठी आकडीसारखा वाकडा चाकू. चाकू कसा धरावा याचे अनेक प्रकार आहेत. विले सुंडक्विस्ट (१९२५–२०१८) या स्वीडिश शिक्षकांनी त्यांवर एक सचित्र पुस्तक लिहिले आणि १९९० मध्ये ते इंग्रजीत आले, तेव्हापासून कित्येक देशांतील लोकांनी पुन्हा चमचे कोरण्यास आरंभ केला. एका प्रकारात एका हातात लाकूड आणि दुसऱ्या हातात चाकू धरून दोन्ही मुठी छातीशी टेकवितात व पाठीच्या जोराने दोन्ही दूर खेचतात. जोर मोठा लागतो, पण चाकू वीतभरापेक्षा पुढे जाऊच शकत नाही, म्हणून इजा होत नाही. पुस्तकातील चित्रात हे सर्व दिसते. तरीही शिकणारा कोपर वर उचलतो, आणि ते त्याच्या ध्यानातही येत नाही. शिक्षक मागून येतो, काही न बोलता त्याचे कोपर बरगडीशी टेकवितो, आणि पुढची ढलपी अखंड, गुळगुळीत निघते. शिकणाऱ्याच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जो आनंद दिसतो, तो गुणपत्रकाने क्वचितच येतो.

पहिला चमचा बहुधा जाड, थोडा तिरका आणि कोठे तरी खरवडलेला होतो. नस कोणत्या दिशेने चालली आहे हे न ओळखता चाकू चालविला की तंतू उचकटतात. मग त्या जागी उलट बाजूने कापावे लागते. हे लाकूडच शिकविते, आणि ते कोणाची भीड धरीत नाही. नापास करण्यास तेथे कोणी नसते, तरी आपले काम कोठे चुकले, हे प्रत्येकाला हातातील वस्तूवरून स्वतःच कळते.

दिवस संपतो तेव्हा चमचा अजून ओलाच असतो. तो तसाच चुलीजवळ ठेवला तर बाहेरून लवकर आकसतो, आतून ओला राहतो आणि फाटतो. म्हणून त्याच्याच ढलप्यांत गुंडाळून कागदी पिशवीत घालून देतात, म्हणजे ओल सावकाश जाते. कित्येक आठवड्यांनी, शिकणारा शेकडो मैलांवर आपल्या घरी पोहोचलेला असतो, तेव्हा तो चमचा वाळून हलका आणि टणक होतो. मग चाकूला नीट धार लावून त्यावरून शेवटचा पातळ हात फिरवावयाचा आणि जवसाचे तेल चोळावयाचे असते. त्या वेळी कोपर बरगडीशी टेकविण्यास शेजारी शिक्षक नसतो.